पेशीचा धडा वस्तीत आला पाहिजे

आपल्या वस्तीतल्या आठवीच्या मुलाला विचारा, पेशीचे ऊर्जाकेंद्र कोणते? तो चटकन सांगेल, तंतुकणिका. पेशीचे नियंत्रण कोण करते? केंद्रक. पेशीतली साफसफाई कोण करते? लयकारिका. तिन्ही उत्तरे बरोबर, पैकीच्या पैकी गुण. आता त्यालाच विचारा, तुझ्या अंगात वाहणाऱ्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक असते का? तंतुकणिका असते का? इथे बहुतेक मुले अडखळतात. उत्तर आहे, नसते. आणि ते का नसते, हे कळले तरच आपल्या विदर्भातल्या घराघरांत शिरलेला सिकलसेल नावाचा आजार कळतो.

आमचे म्हणणे सरळ आहे. पेशीचा धडा हा वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांसाठी केवळ परीक्षेचा धडा नाही. तो आपल्या घराचा, लग्नाचा आणि लेकराबाळांच्या जीवाचा धडा आहे. तो शाळेत नीट शिकवला जावा, विहारात समजावून सांगितला जावा आणि आईबापांपर्यंत पोहोचावा. आज तसे होत नाही. मुलगा पुस्तकातली आकृती काढून, बाण दाखवून, नावे लिहून मोकळा होतो. शेजारच्या घरात एखादे लेकरू हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडते. आकृतीचा त्या रडण्याशी संबंध आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

शब्द फोडून सांगा

पहिली अडचण भाषेची आहे. आंतर्द्रव्यजालिका, तंतुकणिका, लयकारिका, प्रद्रव्यपटल, दात्रपेशी हे शब्द पुस्तकात आहेत. शब्द चुकीचे नाहीत, पण ते फोडून सांगावे लागतात. घरात असे शब्द न ऐकलेल्या मुलाला ते मंत्रासारखे वाटतात आणि मग तो ते मंत्रासारखेच पाठ करतो. आपल्या समाजाने न समजता पाठ केलेले मंत्र कधीच मागे टाकले आहेत. विज्ञानात ते परत येऊ देऊ नयेत.

आंतर्द्रव्यजालिका म्हणजे पेशीच्या आतल्या द्रवात पसरलेले जाळे. या जाळ्यातून प्रथिने तयार होऊन इकडून तिकडे जातात. तंतुकणिका म्हणजे दोऱ्यासारखा किंवा दाण्यासारखा दिसणारा कण. तो अन्नातून आलेली साखर ऑक्सिजनच्या मदतीने वापरून पेशीला लागणारी ऊर्जा तयार करतो. लयकारिका म्हणजे लय करणारी, नको ते विरघळवून टाकणारी पिशवी. गॉल्गी संकुल म्हणजे तयार प्रथिने वेगवेगळी करून, बांधून, योग्य ठिकाणी पाठवणारी जागा; आपल्याकडे बाजार समितीत माल उतरतो, निवडला जातो आणि गाडीत चढतो, तसेच काहीसे. केंद्रकात गुणसूत्रे असतात. माणसाच्या पेशीत ती ४६, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले आणि एक बापाकडून. गुणसूत्रांवर जनुके असतात. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे बनवायचे याची लेखी सूचना.

आणि दात्रपेशी? दात्र म्हणजे विळा, आपल्या वऱ्हाडी बोलीतला इळा. ज्या इळ्याने आपल्या आयाबहिणी सोयाबीन सोंगतात, त्याच्यासारखी वाकडी झालेली पेशी ती दात्रपेशी. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून सिकलसेल. इतके सांगितले तरी मुलाच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहते.

मीठ, मनुके आणि पेशीचे पटल

दुसरी अडचण म्हणजे प्रयोग होत नाहीत. पण पेशीच्या पटलाचा प्रयोग आपल्या स्वयंपाकघरात रोजच होतो. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळात भांड्यात पाणी साचते. ते पाणी फोडींच्या पेशींतून बाहेर आलेले असते. उलट, सुके मनुके पाण्यात टाकले की रात्रीतून फुगतात, कारण पाणी पटलातून आत शिरते. पेशीचे पटल म्हणजे बंद भिंत नव्हे. ते काही पदार्थांना वाट देते, काहींना अडवते. आत क्षार, साखर यांचे प्रमाण जास्त असेल तर पाणी आत येते. बाहेर जास्त असेल तर बाहेर जाते. पुस्तक याला परासरण म्हणते.

हे कशाला सांगायचे? कारण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या अंगातले पाणी घामावाटे निघून जाते, रक्त आटते आणि तांबड्या पेशीतूनही पाणी बाहेर पडते. निरोगी माणसाची पेशी हे सहन करते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी मात्र पाणी कमी झाले की लवकर विळ्यासारखी वाकते. म्हणून डॉक्टर त्या रुग्णाला सांगतात, तहान लागायची वाट पाहू नका, पाणी पीत राहा. हा सल्ला कागदावर लिहून दिला तर विसरला जातो. कैरीची फोड आठवली तर विसरला जात नाही.

तांबडी पेशी: घर रिकामे करून ओझे वाहणारी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तांबड्या पेशीत केंद्रक का नाही?

तांबड्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतात. तिथे दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी बनतात. सुरुवातीला त्या पेशीत केंद्रक असते, तंतुकणिका असतात, सगळे काही असते. केंद्रकातली सूचना वाचून पेशी हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन बनवत जाते. पुरेसे हिमोग्लोबिन भरले की पेशी केंद्रक बाहेर टाकते, तंतुकणिकाही मोडीत काढते आणि मग रक्तात उतरते. घरातले सामान काढून सगळी जागा धान्याच्या पोत्यांना द्यावी, तसे हे आहे. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू मावतात. याच हिमोग्लोबिनला फुप्फुसात ऑक्सिजन चिकटतो आणि तो अंगभर पोहोचवला जातो.

पेशीचा आकारही कामाला शोभणारा आहे. दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली गोल चकती, रुंदी सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर. एका मिलिमीटरच्या लांबीत अशा सव्वाशेहून अधिक पेशी ओळीने बसतील. अंगातल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्या कित्येकदा या पेशीपेक्षाही अरुंद असतात. पेशी लवचीक असल्याने ती दुमडते, वाकते आणि पलीकडे निघून जाते. साधारण १२० दिवस ती अशी धावते. केंद्रक नसल्याने तिला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. शेवटी थकून ती प्लीहेत आणि यकृतात मोडली जाते.

पाठ्यपुस्तकात प्रत्येक पेशीत केंद्रक दाखवलेले असते. तांबडी पेशी हा त्याला अपवाद आहे आणि हा अपवादच आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. शिक्षकांनी तो पाच मिनिटे जास्त घेऊन शिकवावा, एवढीच आमची विनंती आहे.

माळेतला सहावा मणी

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी म्हणजे १४६ मण्यांची माळ समजा. हे मणी म्हणजे अमिनो आम्ले. सिकलसेलमध्ये या माळेतला फक्त सहावा मणी बदललेला असतो. तिथे ग्लुटामिक आम्ल असायला हवे, त्या जागी व्हॅलिन बसते. बाकीचे १४५ मणी जसेच्या तसे. बदलाचे मूळ ११ व्या गुणसूत्रावरच्या जनुकात, तिथल्या एका अक्षरात असते.

एक मणी बदलल्याने काय होते? ऑक्सिजन देऊन रिकामे झालेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात. या काड्या पेशीला आतून ताणतात. गोल लवचीक चकती विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही आणि असह्य वेदना होतात. कधी हाडांत, कधी पोटात, कधी छातीत. या पेशी १२० दिवस टिकत नाहीत, १० ते २० दिवसांतच मोडतात. म्हणून रक्त कमी पडते, डोळे पिवळे दिसतात. प्लीहा खराब झाल्याने जंतुसंसर्ग पटकन होतो.

हा आजार वैद्यकीय नियतकालिकात प्रथम नोंदवला गेला तो १९१० मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे, डॉ. जेम्स हेरिक यांच्याकडून. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. पुढे १९५० च्या दशकात व्हर्नन इनग्राम यांनी नेमका मणी शोधला. एखादा आजार रेणूपर्यंत जाऊन ओळखण्याची ती जगातली पहिली वेळ. म्हणजे ज्याला आपल्याकडे कुणी बाहेरची बाधा, तर कुणी मागच्या जन्माचे पाप म्हणते, त्याचे कारण विज्ञानाने सत्तर वर्षांपूर्वीच बोट ठेवून दाखवले आहे. ते पाप नाही, शाप नाही. तो एका माळेतला एक मणी आहे.

जात रक्तात नसते

भारतात सिकलसेलची नोंद १९५२ मध्ये निलगिरी डोंगरांतल्या आदिवासींत झाली. विदर्भातली नोंद १९५८ ची. नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी ती केली, आणि ती त्या वेळच्या महार समाजातील रुग्णांची होती. तेव्हापासून विदर्भात काही जण याला आपल्या समाजाचा आजार म्हणू लागले. आपल्यातलेही काही जण त्यामुळे हा विषय दाबून टाकतात. समाजाला आधीच काय कमी नावे ठेवली गेली, आता रोगी समाज म्हणून आणखी एक कशाला, असे त्यांना वाटते.

ही भावना आम्ही समजू शकतो. पण लपवल्याने आजार जात नाही आणि उघडपणे बोलल्याने समाज हलका होत नाही. सत्य काय आहे ते पाहू. सिकलसेल आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीस आणि तुर्कस्तानच्या काही भागांत आहे. आपल्याकडे तो गोंड, कोलाम, परधान, भिल्ल अशा आदिवासी समाजांत आहे, बौद्धांत आहे, इतर जातींतही आहे. या प्रदेशांत समान काय होते? मलेरिया. ज्याला आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच सिकलचे जनुक मिळाले, त्याला वाहक म्हणतात. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिले. हिवतापाने गावेच्या गावे ओस पडत होती, त्या काळात वाहक माणसे जगली आणि जनुक पुढे गेले. म्हणजे हे जनुक आपल्या पूर्वजांच्या कमीपणाची खूण नाही. ते तगून राहिल्याची खूण आहे.

मग काही समाजांतच ते जास्त का राहिले? इथे बाबासाहेबांची आठवण होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘भारतातील जाती’ या निबंधात त्यांनी मांडले की, जातीचे खरे लक्षण म्हणजे जातीअंतर्गत विवाह. लग्ने कुंपणाच्या आतच होत राहिली, म्हणून जात टिकली. जनुकांचेही तसेच आहे. मलेरियाने एखाद्या समाजात हे जनुक वाढवले आणि जातीच्या कुंपणाने ते तिथेच कोंडून ठेवले. जात रक्तात नसते. जातीने घातलेल्या कुंपणात रक्त अडकते, एवढेच.

हिशेब करून पाहा. उदाहरणासाठी धरा की एखाद्या समाजात १० पैकी एक जण वाहक आहे. लग्न समाजातच झाले तर नवरा आणि बायको दोघेही वाहक असण्याची शक्यता १०० पैकी एक. ज्या समाजात वाहक जवळपास नाहीतच, तिथल्या जोडीदाराशी लग्न झाले तर ही शक्यता नगण्य होते. आणि मामाच्या मुलीशी लग्न केले तर? आजी-आजोबांचे एकच जनुक दोन्ही बाजूंनी खाली येऊ शकते, म्हणून धोका वाढतो. बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाहाचा आग्रह समतेसाठी धरला. तीच गोष्ट पेशीचे शास्त्रही वेगळ्या वाटेने सांगते आहे.

सुनेला दोष देण्याआधी

आता सर्वांत नाजूक गोष्ट. मूल आजारी निघाले की बोट सुनेकडे जाते. तिच्या माहेरचे रक्तच तसे, असे बोलले जाते. ज्या कुटुंबाने पेशीचा धडा समजून घेतला, त्याला असे म्हणताच येणार नाही. सिकलसेलचा आजार होण्यासाठी मुलाला दोन जनुके लागतात, एक आईचे आणि एक बापाचे. एकटी आई मुलाला हा आजार देऊ शकत नाही, एकटा बापही नाही.

नियम सोपा आहे. एक जण वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर एकही मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही. काही मुले फक्त वाहक होतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द नीट ध्यानात ठेवा. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असे हे खाते फिटत नाही. एक जण रुग्ण आणि दुसरा वाहक असेल तर शक्यता निम्मी.

वाहक माणूस आजारी नसतो. तो शेती करतो, नोकरी करतो, सगळे आयुष्य जगतो. त्याला सिकलसेलच्या औषधाची गरज नसते. म्हणून वाहक मुलीचे लग्न मोडणे हा निव्वळ अन्याय आहे. तपासायचे ते दोघांनाही, आणि काळजी करायची ती फक्त दोघेही वाहक निघाले तर. तशा जोडप्यानेही लग्न करू नये असा कायदा नाही. पण त्यांनी माहिती घेऊन ठरवावे. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच मोठ्या रुग्णालयात गर्भाची तपासणी करता येते, हेही त्यांना माहीत असावे. पत्रिका पाहून गुण जुळवण्याची प्रथा आपण सोडली. आता रक्ताचा अहवाल पाहण्याची रीत धरावी, असे आम्हांला वाटते.

तपासणी आणि उपचार

तपासणी अवघड नाही. बोटाच्या रक्ताच्या थेंबावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सदोष हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगते. वाहक की रुग्ण, हे सांगत नाही. त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. पहिल्या चाचणीवरच कुणाला रुग्ण म्हणून मोकळे होऊ नये. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात किंवा वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. आशाताईंना विचारावे.

बाळ जन्मतः ठीक दिसते, कारण गर्भात असतानाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि त्यात बीटा साखळीच नसते. साधारण सहा महिन्यांनंतर नवे हिमोग्लोबिन त्याची जागा घेते आणि मग त्रास सुरू होतो. हातापायांचे पंजे सुजणे हे लहान लेकरातले पहिले लक्षण असू शकते. दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळण्यात वेळ घालवू नका. हायड्रॉक्सियुरिया हे औषध अंगातले ते गर्भावस्थेचे हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे वेदनेचे झटके कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, नियमित रक्त तपासत घ्यावे लागते. फॉलिक ॲसिड आणि लसी यांचीही गरज असते. मात्र रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मनानेच देत राहू नयेत. सिकलसेलचे रक्त कमी होणे लोहाअभावीच असते असे नाही. जोराचा ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक पांढरे पडणे, पोट डाव्या बाजूला फुगणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

हक्कही माहीत असावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, म्हणून रुग्णाला दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. एस.टी. प्रवासातही या रुग्णांना सवलत आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले. अभियानाचा भर आदिवासी भागांवर आहे, आणि तो असायलाच हवा. पण विदर्भातल्या बौद्ध वस्त्याही तितक्याच गरजेच्या आहेत. तपासणीचे पथक आपल्या वस्तीत येत नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडून ते मागावे लागेल. मागितल्याशिवाय आपल्याला काय मिळाले आहे?

शाळेने आणि विहाराने काय करावे

१९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. पण विदर्भात कडक उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे ज्या भागात या दिवसाची सर्वांत जास्त गरज, तिथेच तो सुट्टीत वाया जातो. आमची सूचना अशी की, शाळांनी हा दिवस पहिल्याच आठवड्यात घ्यावा आणि त्या दिवशी भाषणांऐवजी पेशी दाखवावी.

दाखवावी म्हणजे डोळ्यांनी दाखवावी. तथागतांनी धम्माबद्दल सांगितले, या आणि पाहा. विज्ञानाचेही तेच सांगणे आहे. विद्यार्थ्यांचा साधा सूक्ष्मदर्शक काही हजार रुपयांत येतो. वर्षभरातल्या एखाद्या मिरवणुकीच्या डीजेचा खर्च वाचवला तर विहारातल्या अभ्यासिकेत तो कायमचा राहील. कांद्याचा पातळ पापुद्रा काढा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, आयोडीनचा एक थेंब टाका, वर काचेची झाकणी ठेवा. विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतील आणि प्रत्येकीत केंद्रकाचा ठिपका. हरितलवके मात्र दिसणार नाहीत. कांदा मातीखाली वाढतो, त्याला उन्हात अन्न बनवायचे नसते. दुसऱ्या पट्टीवर गालाच्या आतल्या पेशी घ्या. तिथे पेशीभित्तिका नाही. वनस्पती आणि प्राणी यांच्या पेशींतला फरक मुलांना असा एका दुपारी कळेल. रक्ताच्या पेशी पाहण्यासाठी मात्र वर्गात मुलांची बोटे टोचू नयेत. प्रयोगशाळेतून तयार काचपट्टी आणावी, एक निरोगी रक्ताची आणि एक सिकलसेलची. त्या दोन काचपट्ट्या शंभर भाषणांचे काम करतील.

विहारांनी वर्षावासाच्या काळातली एक संध्याकाळ या विषयाला द्यावी. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला तपासणी शिबिराची जोड द्यावी. पण एक पथ्य पाळावे. कोणाचा अहवाल काय आला, हे माईकवरून वाचून दाखवू नये, फलकावर लावू नये. अहवाल ज्याचा त्याच्या हाती द्यावा. विश्वास गेला की पुढच्या वर्षी शिबिराला कुणी येणार नाही.

काही जण म्हणतील, हे डॉक्टरांचे काम आहे, शाळेने गुणांकडे पाहावे. गुण तर हवेतच. पेशी ज्याला कळली, त्याला पुढे अकरावी-बारावीचे जीवशास्त्र जड जात नाही. नर्सिंग, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वैद्यकीय प्रवेश, या सगळ्यांचा पाया हाच आहे. २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या वर्गांत आपल्या वस्तीची मुले बसायची असतील तर तयारी आठवीच्या याच धड्यापासून करावी लागेल.

आजाराचे मूळ पेशीत शोधा, असे १८५८ मध्ये ठामपणे मांडणारा जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्को. त्याच्या दहा वर्षे आधी तरुणपणी त्याला अप्पर सायलेशिया भागात तापाच्या साथीची पाहणी करायला पाठवले होते. परत येऊन त्याने सरकारला लिहिले की, या साथीचे कारण लोकांची गरिबी आणि अज्ञान आहे आणि त्यावरचा इलाज शिक्षण, स्वातंत्र्य आणि लोकशाही हा आहे. पेशीत खोल पाहणाऱ्या माणसाला समाजही तितकाच स्पष्ट दिसला. आपल्यालाही दोन्ही पाहावे लागेल. मणी बदललेला असेल तर तो बदलणे आपल्या हातात नाही. पण आजारी लेकराला वेळेवर औषध, सुनेला न्याय, वाहक मुलीला सन्मानाचे लग्न आणि शिकणाऱ्या मुलाला समजलेला धडा, हे चारही आपल्याच हातात आहे.

या वर्षी मूल शाळेतून येऊन पेशीची आकृती काढत बसले की त्याच्याजवळ बसा. तुम्हांला लिहिता-वाचता येत नसले तरी चालेल. फक्त विचारा, बेटा, आपल्या रक्तातली पेशी कशी असते, मला सांग.